किल्लीमावशीचं दोन पायांचं अस्वल

किल्लीमावशीचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नाही, असं गल्लीत म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. दुपारी बाजारातून घरी येताना वळणावर थांबून ती एकदा मागं बघायचीच. मागं कुणी दिसलं तर संशय यायचा. कुणीच दिसलं नाही तर जास्त यायचा.

दुकान म्हणजे तिच्याच दुमजली घराच्या जिन्याखालची खोबण. आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्यानं बाहेरच थांबायचं. भिंतीवर खिळ्याखिळ्याला कोऱ्या किल्ल्यांचे घोस, समोर किल्ली कापायचं यंत्र, आणि सगळ्यावर पितळेच्या भुशाची पिवळी साय. तो भुसा मावशीच्या भुवयांवरसुद्धा बसायचा. कुणी दुसरी किल्ली करायला आलं की ती आधी किल्लीकडं नाही, माणसाच्या डोळ्यांकडं बघायची. ज्याचे डोळे यंत्रावर, तो घरमालक. ज्याचे रस्त्यावर, त्याची किल्ली ती मुद्दाम सावकाश घासायची.

"विचारत का नाहीस सरळ, कुणाची किल्ली आहे म्हणून?" लेक म्हणायची.

"विचारलं की माणूस सावध होतो. विचारायचं नाही. बघायचं."

हा धडा तिला दिरानं दिला होता. नवरा कुलूपवाला, हात सोन्याचा, जीभ मुकी. त्यानं तिला लग्नानंतर पहिली गोष्ट शिकवली ती किल्लीचे दात घासायची कानस धरायची. तो गेला, आणि अजून घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ आटली नव्हती तोच दीर म्हणाला, "वहिनी, दुकानाची किल्ली द्या माझ्याकडे. तुम्ही बाईमाणूस, कुठं बसणार रस्त्यावर." मावशीनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर दुकानाच्या फळीपुढं घाम पुसत उभा. किल्ली जाईना, फिरेना. कुलूप रात्रीतच बदललेलं होतं. वहिनी समोरच्या ओट्यावर बसून चहा पीत होती. "जात नाही का भाऊजी? तेल घालून बघा."

ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. जावयाला तर लग्नाच्या बोलण्यांतच ऐकवली होती, म्हणजे त्यानं काय समजायचं ते समजावं.

जावई पाण्याचे जार पोचवायचा. स्वतःचा टेम्पो, खांद्यावर जार, तोंडात कायम कसलं तरी गाणं. वरच्या मजल्यावर लेक-जावई, खाली मावशी, मध्ये बाहेरून जाणारा जिना. माणूस हसरा होता, आणि मावशीचं घोडं तिथंच अडायचं. "इतकं हसायला काय झालंय?" ती लेकीला म्हणायची. "जार उचलून कुणाला हसू येतं का?"

वसाहत डोंगराच्या पायथ्याला. घरांची शेवटची रांग संपली की कुंपण, कुंपणापलीकडं झाडी. पूर्वी अस्वल वर डोंगरात असतं एवढंच ठाऊक होतं, जसं समुद्रात देवमासा असतो हे ठाऊक असतं. मग वरची झाडी तोडून रस्ता झाला, आणि त्या उन्हाळ्यापासून अस्वल खाली यायला लागलं. पहिल्यांदा कचऱ्याचे डबे उलटले. मग दाढीवाल्या मास्तरांच्या पेरूच्या झाडाची फांदी मोडली. मग परिचारिकाबाईनं कामावरून येताना ते कुंपणाशी उभं बघितलं आणि तिची अशी बोबडी वळली, की ती इतरांना इंजेक्शन देते यावर कुणाचा विश्वास बसेना.

इथवर मावशीची काही तक्रार नव्हती. डब्यातलं अस्वल तिला मान्य होतं. पण पावसाळ्यानंतर अस्वल घरांत शिरायला लागलं, आणि तिथं ती अडली.

कारण दारं मोडलेली नव्हती. दिवसाढवळ्या लोक पुढच्या दाराला कुलपं घालून कामाला जायचे. स्वयंपाकघराचं मागचं दार मात्र, पाण्याचा जार आत ठेवता यावा म्हणून, नुसतं ओढलेलं. परत आले की मधाची बाटली फुटलेली, बिस्किटांचा डबा गायब, कुत्र्याच्या खाण्याचं पोतं रिकामं, आणि दार उघडं.

वनखात्याचा माणूस परिचारिकाबाईच्या घरी आला. गुडघ्यावर बसून बघितलं, चिमटीत दोन केस उचलले. "अस्वलच आहे. तुमचं दार उघडं राहिलं असणार बाई."

"मी स्वतः ओढलंय," परिचारिकाबाई म्हणाली. "टक्‌ असा आवाज ऐकल्याशिवाय मी पायरी उतरत नाही."

"बंद दार अस्वलानं न मोडता उघडल्याचं या भागात तरी मी पाहिलेलं नाही," वनखात्याचा माणूस म्हणाला आणि पिशवीत केस टाकून गेला.

मावशी तिथंच उभी होती. तिनं दाराच्या हँडलवरून अंगठा फिरवला. पितळ चिकट लागलं. खाली रंगावर बारीक ओरखडे होते, एकाशेजारी एक. पेचकस घसरला की असेच उठतात. तिचं हे बोट कधी चुकलेलं नव्हतं.

"हे दार हँडल दाबून उघडलंय," ती म्हणाली. "अस्वलाला दार फोडायचं ठाऊक. दाबायचं कुणाला ठाऊक असतं?"

"कुणाला?" मास्तरांनी विचारलं. ते वसाहतीचे अध्यक्ष, शाळा सोडून वर्षं झाली तरी प्रश्न फळ्यासमोर विचारल्यासारखा विचारायचे.

"दोन पायांच्या अस्वलाला. चार पायांच्या अस्वलाचं नाव पुढं करून कुणीतरी डबे रिकामे करतंय, मास्तर."

ही हँडलंही मावशीनंच बसवलेली होती. आधी सगळ्या वसाहतीत दारांना गोल पितळी मुठी होत्या. धरायच्या, पिळायच्या, मग ढकलायचं. कानस धरून धरून मावशीची बोटं सांध्यांत धरली, तिला स्वतःच्याच दाराची मूठ पिळवेना, तेव्हा तिनं आडव्या दांडीचं हँडल आणून लावलं. आणि मग घरोघर जाऊन हातात पिशव्या घेऊन दाखवलं, "हे बघा, कोपरानं उघडतं! ओल्या हातानं उघडतं! बोटं लागतच नाहीत." मास्तरीणबाईंचं मनगट दुखायचं, त्यांनी आधी लावून घेतलं. मग रांगच लागली. जुन्या मुठी कुणालाच नको होत्या. मावशीनं त्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या. तिनं आयुष्यात काही फेकलेलं नव्हतं. फेकलेली वस्तू कुणाच्या हाती लागेल, काय नेम.

आता दोन पायांचं अस्वल कोण, हे ठरवायला तिला फार लांब जावं लागलं नाही. घराघरांत मागच्या दारानं कोण जातं? कुणाच्या स्वयंपाकघरात डबा कुठल्या फळीवर आहे, हे कुणाला माहीत? कोण खांद्यावर ओझं घेऊन आलं तर शेजारी वळूनही बघत नाहीत? जितकं ती घोळवत गेली तितकं ते गाणं म्हणणारं तोंड तिच्यासमोर येत गेलं.

एका संध्याकाळी जावई वर अंघोळीला गेलेला असताना तिनं टेम्पोत डोकं घातलं. सीटखाली परिचारिकाबाईचा बिस्किटांचा निळा डबा. चेपलेला, रिकामा.

मावशीनं डबा होता तिथंच ठेवला. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीला किंचित गोड चवही होती. मी म्हणत नव्हते?

परिचारिकाबाईचं घर चार पावलांवर. जाऊन विचारलं असतं तर काम झालं असतं. पण विचारायचं नाही, बघायचं. मावशीनं बघितलं होतं.

रविवारी वसाहतीची सभा भरली. मास्तर म्हणाले, वनखात्यानं सांगितलंय, अस्वल पुन्हा घरात शिरलं तर पिंजरा लावू. मावशी उठली. "पिंजरा लावा. पण मोठा लावा, माणूस मावेल असा. जो घराघरांत खांद्यावर जार घेऊन जातो त्याच्या सीटखाली बघा जरा. कुंपणच शेत खातंय, आणि तुम्ही डोंगराकडं बघत बसलाय."

सगळ्या माना जावयाकडं वळल्या. लेक मागच्या ओळीत बसली होती. ती उठून गेली तेव्हा तिच्या चपलांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

जावई हसत नव्हता. "आई," तो म्हणाला, "तो डबा बाईंना कुंपणाशी सापडला, त्यांनीच दिला मला. अस्वलानं चेपला, वास मारतोय, वसाहतीबाहेर नेऊन टाका म्हणाल्या. टाकायचा राहिला."

परिचारिकाबाई त्या दिवशी दवाखान्यात कामावर होती. नंतर तिनं सांगितलं, हो, मीच दिला. पण तोवर कसला उपयोग. लोक म्हणायला लागले, सख्खी सासू म्हणते म्हणजे काहीतरी असणारच. नाहीतर घरची लाज कोण अशी चारचौघांत मांडेल? एकेका घरानं पाणी दुसऱ्याकडून घ्यायला सुरुवात केली. मास्तर तेवढे तोंडावर बोलले, "माझा संशय नाही हो तुमच्यावर. पण अध्यक्ष म्हणून मला सगळ्यांबरोबर राहावं लागतं." टेम्पो जिन्यापाशी भरलेल्या जारांसकट उभा राहायला लागला.

लेक खाली आली ती निरोप सांगायलाच. "आम्ही जातोय. त्याच्या मामांच्या गावी काम मिळतंय. आठवड्याअखेर निघू."

"खरा असता तर पळाला नसता."

"थांबला असता तर म्हणाली असतीस, बघा कसा निर्लज्ज आहे." लेकीनं पदर खोचला. "आई, तुला चोर लागतोच गं. नसला तर तू घरात तयार करतेस. काकांना कुलूप बदलून दाखवलंस ते बरोबर केलंस. पण जन्मभर तेच कुलूप बदलत बसलीस."

ती वर गेली. छतावर खोकी ओढल्याचे आवाज मावशी ऐकत राहिली. जिन्यावरनं रोज खाली येणारी लेकीची पावलं आता येणार नाहीत, हे कळायला तिला कुणी समजवायची गरज नव्हती. पण खरं असेल तर? चोराच्या घरात लेक नांदतेय, हे आईनं झाकून ठेवायचं? तिला खात्री हवी होती. डोळ्यांनी बघितलेली.

म्हणून तिनं सापळा लावला. सकाळी दुकानात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला, वर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "आज दुपारी घाऊक बाजारात जातेय बाई, संध्याकाळ होईल." जॅमची मोठी बरणी झाकण काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. दुपारी पुढचं दार कुलूप लावून बंद केलं, घराला वळसा घालून मागनं आत आली, दार टक्‌ असं लावलं, आणि कोठीच्या खोलीत जाऊन जाळीच्या दारामागं स्टुलावर बसली. मांडीवर मोठा पाना. जावयाला मारायला नव्हे, हात रिकामे राहू नयेत म्हणून.

घड्याळ टिकटिकत होतं. वर खोकी ओढायचं थांबलं. जिन्यावर पावलं वाजली, खाली आली, टेम्पोचं दार उघडलं, मिटलं. मग मागच्या अंगणात वाळलेली पानं चुरचुरली.

आलास का, मावशी मनात म्हणाली. ये.

हँडलची दांडी खाली गेली. हळू, बेताची. थोडी वर आली, पुन्हा पूर्ण खाली गेली. दार आत ढकललं गेलं आणि दारात ऊन दिसेनासं झालं.

आधी वास आला. ओल्या गोणपाटाचा, त्यात काहीतरी आंबलेलं. मग नाक आलं, मग खांदे. अस्वल आत आलं. त्याच्यामागं दार हळूच फिरून टक्‌ असं लागलं.

ते तिच्या टेबलापाशी बसलं. ढुंगण टेकून, बरणी पोटाशी घेऊन. जीभ बरणीत, डोळे अर्धे मिटलेले. दीर तिच्याच हातचं जेवायला बसायचा तेव्हा अगदी असाच बसायचा. मावशीला या घडीला असला विचार सुचतो याचंच नवल वाटलं. पाना जाळीला लागून वाजेल, म्हणून तिनं तो पोटाशी घट्ट धरला. अस्वलानं एकदा मान वळवली. जाळीतनं आत बघितलं. त्यानं फुस्स केलं, ओठ चाटले, बरणी जमिनीवर सोडली. ती फुटली नाही, गडगडत स्वयंपाकाच्या ओट्याखाली गेली.

मग ते दाराशी आलं. दार आतून ओढायचं असतं. मावशीला वाटलं, आता अडकलं. आता हे फोडणार. पण त्यानं पुढचा पाय उचलला, मनगटाची बाजू दांडीवर ठेवली, खाली दाबली आणि नखं दांडीमागं अडकवून मागं ओढलं. दार उघडलं. बोटं लागलीच नाहीत.

कोपरानं उघडतं बघा, असं कुणीतरी तिच्या कानात म्हणालं. आवाज तिचाच होता.

अस्वल गेलं. ऊन पुन्हा आत आलं. मावशी किती वेळ बसून होती तिलाच कळलं नाही. उठली ती थेट फडकं घेऊन. जमिनीवर जॅमनं माखलेले पंजे उमटलेले होते. ती वाकून भराभर पुसायला लागली. कुणी बघितलं नाही. कुणाला काय माहीत? घरात एकटी मी. बरणी विसळली, जमीन पुसली, की ही दुपार झालीच नाही. ही हँडलं कुणी लावली, कुणी घरोघर कोपर दाखवत हिंडलं, हे कुणी विचारणारही नाही. जावई आठवड्याअखेर जाईलच.

अर्धी जमीन झाली आणि तिचा हात थांबला. फरशीत तिला स्वतःचं तोंड दिसलं, भुवयांवर पिवळा भुसा. डोळे दाराकडं लागलेले होते, कुणी येत तर नाही ना बघत. रस्त्याकडं बघणारं गिऱ्हाईक.

फडकं तिथंच टाकून ती जिना चढली.

लेक दोरी बांधत होती. मावशीनं दारातच सांगून टाकलं, एका दमात, पाणी ओतल्यासारखं. लेकीनं आधी दोरीची गाठ पक्की केली. "आणि हे आम्ही खरं कशावरून मानायचं?" तिनं विचारलं. आईचीच लेक.

जावई हातातलं खोकं ठेवून खाली गेला, मावशी मागोमाग. अर्धे पंजे, अर्धी लखलखीत फरशी बघून म्हणाला, "अर्धं का पुसलंत, आई?"

"निम्म्यात लाज वाटली."

तो हसणार होता, पण हसला नाही. हँडलच्या स्क्रूत अडकलेला एक काळा राठ केस त्यानं नखानं ओढून काढला. "विचारलं असतंत, तर मी त्याच दिवशी बाईंना बोलावून आणलं असतं."

"विचारलं नाही," मावशी म्हणाली. आणि ती माळ्याची शिडी शोधायला लागली. "वर पोतं आहे. मला उतरवत नाही."

पोतं त्यानं उतरवलं. गोल पितळी मुठी फरशीवर ओतल्या, बोटांनी पिळल्याशिवाय न उघडणाऱ्या. संध्याकाळपर्यंत दोघं घरोघर फिरले. पेचकस जावयाच्या हातात, बोलणं मावशीच्या वाट्याला. परिचारिकाबाईनं ऐकून घेतलं आणि दार मोकळं करून दिलं. बाकीच्यांचं तसं नव्हतं.

"म्हणजे तुम्हीच लावलेली हँडलं, आता तुम्हीच काढणार," कुणीतरी म्हणालं. "अस्वलाला शिकवणी पण तुमचीच का?"

"जावयाला वाचवायला सासूबाईंनी गोष्ट छान रचली हां."

मावशी पोत्यातून पुढची मूठ काढत राहिली. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही हेच म्हटलं असतं, वर अजून चार शब्द घातले असते. चोर सोडून संन्याशाला सुळावर तिनं चढवलं होतं. आता लोकांना संन्यासी चोरच दिसणार. "पाणी याच्याकडूनच घ्या," ती प्रत्येक दारात सांगत गेली. "बोलले ते मी बोलले होते. तोंड माझंच होतं."

मास्तरांनी मात्र दार अडवलं. "माझं हँडल राहू द्या. तुमची अर्धी पुसलेली फरशी मला पटत नाही. पुरावा म्हणजे पूर्ण पुरावा."

पूर्ण पुरावा त्यांना दुसऱ्याच दिवशी मिळाला. जेवणानंतर मास्तर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत पडलेले. स्वयंपाकघरात टक्‌ झालं, डबा वाजला. "अगं, माझ्यासाठी पण आण थोडं," असं ते न बघताच म्हणाले. मास्तरीणबाई शेजारच्याच खुर्चीवर लोकर विणत होत्या. त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडं बघितलं. मग दोघांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. त्यानंतर मास्तरांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून अस्वलच घाबरून मागच्या दारानं पळालं. हँडल दाबून, व्यवस्थित.

संध्याकाळी मास्तर स्वतः मूठ मागायला दुकानाशी आले आणि टेम्पोकडं न बघता म्हणाले, "दोन जार पाठवा."

लेकीनं खोक्यांच्या दोऱ्या अजून सोडल्या नव्हत्या. "बघू," म्हणाली. आईकडूनच शिकलेली, बघणं. मावशीनं तिला थांब म्हटलं नाही. तिला ते येतच नव्हतं.

तिला जे येत होतं ते तिनं केलं. सकाळी दुकान उघडून एक कोरी किल्ली खिळ्यावरून काढली, स्वतःच्या कमरेच्या जुडग्यातली दुकानाची किल्ली शेजारी बसवली आणि यंत्र सुरू केलं. दुकानाची दुसरी किल्ली दिराच्या घटनेनंतर कधी कापली गेली नव्हती. बोटं दुखत होती. काठ तिनं तरीही हातानं, कानशीनं साफ केला.

जावई जार लादत होता. तिनं हाक मारली. "जावईबापू."

त्यानं हात पुसून किल्ली घेतली. उलटीसुलटी करून बघितली, काठाला बोट लावलं, मग तिच्याकडं बघितलं. किती तरी दिवसांनी त्याच्या तोंडावर ते हसू आलं, ज्याचा तिला कायम संशय यायचा.

"आई, कुलूप बदललेलं नाहीये ना?"

वरच्या खिडकीत लेक येऊन उभी होती. मावशीनं फळी ओढली, कुलूप घातलं आणि बाजूला झाली.

"लावून बघा की."